दोनशे तेरा सह्या

"पायडल आहे म्हणजे सायकलच झाली ना?" मालिशवाल्या मावशींनी बेकरीवाल्याच्या काउंटरवर अर्ज ठेवला. "मग? सायकलला कधी लायसन असतं का?"

बेकरीवाल्यानं हात पुसले, अर्ज उचलला आणि सावकाश वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"मावशी, हा तुम्ही आणलाय?"

"नाही, माझी सायकल एकटीच घेऊन आली! मी नाही तर कोण?"

"तसं नाही हो. मनापासून आणलाय ना?"

"अरे, माझ्या पोटाचा प्रश्न आहे. कर सही."

त्यानं सही केली. आतून बायकोला हाक मारून तिचीही करून घेतली, आणि वर ताज्या पावांची पिशवी मावशींच्या हातात दिली.

पोटाचाच प्रश्न होता. मावशींची रोजची पाच घरं. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाचा लुळा पडलेला हात. गाठ कुठे आहे, शीर कुठे आखडलीय, त्यांच्या बोटांना बरोब्बर कळायचं. पण पाचही घरं चढावर, आणि दुसऱ्यांचे गुडघे चोळता चोळता मावशींचे स्वतःचे कधीच कामातून गेले होते. सायकलला मोटर बसवून घेतली म्हणून धंदा टिकला. आता पालिका अशा सायकलींनाही लायसन लावायला निघाली होती. लायसन काढायचं म्हणजे परीक्षा आली, आणि चौथीनंतर मावशींनी परीक्षेचं तोंड पाहिलं नव्हतं. नापास झालं की सायकल दारात गंजणार आणि पाचही घरं दुसरी कुणीतरी पटकावणार.

आणि हा ठराव पालिकेत आणला कुणी? नगरसेवकानं! सहा वर्षं मावशी ज्याची पाठ चोळत होत्या, त्या मेल्यानं! बातमी कळली त्याच दिवशी मावशी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझी पाठ मी सरळ केली, आणि तू माझ्याच पाठीत सुरा खुपसलास?"

नगरसेवक मान खाली घालून म्हणाला, "मावशी, तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं! चल, हट!" त्या दिवसापासून त्यांनी ते घर सोडलं. घरी येऊन मात्र ढसाढसा रडल्या. परक्यानं मारलं असतं तर इतकं लागलं नसतं.

लेक मात्र लाखात एक. ती शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायची. आधी दोन दिवस तीही, "आई, सोड ना आता ती सायकल," म्हणून भुणभुण करत होती. तिसऱ्या दिवशी स्वतःहून अर्ज टाइप करून घेऊन आली.

मावशींनी कागद लांब धरला, जवळ धरला. "काय गं, तुमच्या शाळेतली शाई संपली की काय?"

"हो, जरा फिकट आलंय. दे इकडे, मी वाचते." लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवला. कष्टकऱ्यांच्या सायकली, चढाचे रस्ते, म्हातारपण, सगळं त्यात होतं. ऐकताना मावशींना भरून आलं. लेकीनं बोट ठेवलं तिथे त्यांनी पहिली सही ठोकली.

"दोनशे सह्या झाल्या की पालिकेला तो सभेत वाचावाच लागतो," लेक म्हणाली.

दोनशे म्हणजे काय खाऊ आहे? पण कुणी नाही म्हणेना! शिंप्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, तरी त्यानं उजव्यानं सही केली.

"कसा पडलास रे?"

शिंपी खाकरला. "रस्त्याच्या कडेनंच चाललो होतो, मावशी."

"बघून चालावं बाबा माणसानं."

"हो ना," शिंपी म्हणाला आणि घाईघाईनं मशीनवर वाकला.

समोरच्या शेजारणीशी महिनाभर अबोला होता. तिच्या फाटकाचा खांब कुणीतरी वाकवला आणि ती उगाचच मावशींवर डाफरली होती. तिनंसुद्धा घरातल्या पाचही जणांच्या सह्या दिल्या.

"माणसं चांगली असतात गं," मावशी घरी येऊन म्हणाल्या. "आपणच त्यांना वाईट धरतो."

लेक नातीच्या बुटाची नाडी बांधत होती. हल्ली ती नातीला शाळेत पायीच न्यायची. आजी सायकलवरून सोडते म्हणाली, तरी, "चाललेलं बरं असतं," म्हणून टाळायची.

सभेच्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. सभागृह माणसांनी भरलं होतं. मागून बेकरीवाल्याचा आवाज ओळखू आला, शिंप्याचं खाकरणंही. सगळी आपली माणसं! आज त्या नगरसेवकाची चांगली जिरणार होती.

नगराध्यक्षबाई उभ्या राहिल्या. "मावशी, दोनशे तेरा सह्या आहेत. एवढा मनाचा मोठेपणा मी तरी कुणाचा पाहिला नाही."

मावशींनी मान ताठ केली. लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला.

"आई, रागावू नकोस हं."

"मी कशाला रागावू? रागावेल तो, पाठीत सुरा खुपसणारा!"

"गप्प बस ना, वाचताहेत."

"'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी,'" नगराध्यक्षबाई वाचू लागल्या, "'अशी मागणी करतो की, मोटर लावलेली सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांच्या तपासणीसह लायसन सक्तीचं करावं, आणि त्याची सुरुवात पहिली सही करणाऱ्या आमच्या मावशींपासूनच करावी.'"