मोरखुरीची चढण

"भाऊसाहेब, समोर एक हूक पाह्यजे," शकूर मिस्त्री जीपखालून बाहेर येत म्हणाला. "चढणीवर गाडी फसली त दोर कशाले बांधसान?"

उकंडराव देशमुखांनी कोटाच्या खिशात हात घालून गाडीभोवती एक फेरी मारली. "मंग लाव की. घाई कोणाले हाय?"

घाई साऱ्या चिखलीला होती. लढाई संपल्यावर उकंडरावांनी लष्कराच्या लिलावातून ही जीप आणली. त्याच दिवशी कापसाच्या बाजारात चारचौघांसमोर ते बोलून गेले, की सोनाळ्याच्या वरची मोरखुरीची चढण या गाडीनं चढून दाखवीन. त्या वाटेला जायला बैलगाडीवालेसुद्धा बिचकत. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग शकूर म्हणाला, हे टायर डोंगराचे नाहीत. मोठे टायर आले. मग स्प्रिंगच्या पाट्या वाढल्या. इंजिनाखाली दगडाचा मार लागू नये म्हणून लोखंडी पत्रा बसला. नाल्यातून जाताना पाणी शिरू नये म्हणून धुराची नळी पार टपापर्यंत वर गेली. पेट्रोलचे जादा डबे आले, त्यांना चामडी पट्टे आले. दरसाल जीप नटत गेली आणि चढण होती तिथंच राहिली. बाजारात वामनराव अडत्या दर भेटीत विचारी, "देशमुख, नवरी त सजली, वरात कधी?" उकंडराव हसत आणि पान पुढे करत.

हुकाची खरी गरज नव्हती, हे शकूरला ठाऊक होतं. उकंडरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनाही ठाऊक होतं.

जीप आली त्याच हिवाळ्यात मोरखुरीवर लाकडाचा एक ट्रक उलटला आणि ड्रायव्हर जागीच गेला. ती बातमी ऐकून अन्नपूर्णाबाईंनी शकूरला मागच्या दाराशी बोलावलं होतं. "शकूरभाई, मी त्यायले जाऊ नका म्हटलं त ते उद्याच निघतीन. असा स्वभाव हाय. तुम्ही फक्त गाडी तयार होऊ देऊ नका."

तेव्हापासून शकूर दर वेळी काही ना काही कमी काढत आला. उकंडराव कधी चिडले नाहीत. उलट त्याच्यासाठी चहा मागवत, शेजारी खुर्ची टाकून बसत आणि काम बघत. हूकही लागला.

दसरा जवळ आला तसा शकूर स्वतःहूनच मागच्या दाराशी आला.

"बाई, आता माह्यानं होत नाई. भाऊसाहेब दिवसभर जवळ बसतेत. हा पेच काढला त काय होते, तो काढला त काय होते, लेकरावाणी इचारतेत. अन् मी त्यायले फसवून राह्यलो. घरवाली सायरा म्हणते, खाल्ल्या मिठाची तरी शरम ठेवा. गाडी तयार हाय. आज सांगून टाकतो."

अन्नपूर्णाबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. या माणसाशिवाय घर कसं असतं, याचा विचारसुद्धा त्यांना करवत नव्हता. पण शकूरला बांधून ठेवायचा हक्क आपल्याला नाही, हेही त्यांना कळत होतं.

"सांगा," त्या म्हणाल्या.

शकूरनं सांगितलं. उकंडरावांनी वाकून गाडीखाली पाहिलं. "सारं झालं? पाहून घे अजून एकदा."

"सारं झालं, भाऊसाहेब."

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग दसऱ्याले निघू."

दसऱ्याला अंगणात माणसं मावेनात. उकंडराव तर पहाटेच उठले होते आणि जीपला हळदकुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं वाहिलं होतं. झेंडूची माळ चढली. वामनरावानं नारळ फोडला. अन्नपूर्णाबाईंनी ओवाळलं आणि तबक खाली न ठेवता त्या तशाच जीपपुढे उभ्या राहिल्या. उकंडरावांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

त्यांनी बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

शकूर घामाघूम झाला. त्यानं बोनट उघडलं, तारा तपासल्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आत फिरणारा छोटा तुकडा, रोटर, नव्हता. काल त्यानंच तो पुसून बसवला होता. त्याच्याशिवाय गाडी चालू होत नाही आणि तसा दुसरा तुकडा अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नव्हता.

"मुंबईहून आणा लागन," तो खाल मानेनं म्हणाला.

माणसं हसत पांगली. वामनराव म्हणाला, "नवरी रुसली." उकंडरावही हसले, अंमळ मोठ्यानंच. सोनं वाटून घरात आले, कोट खुर्चीवर टाकला आणि पलंगावर आडवे झाले.

मागच्या दाराशी अन्नपूर्णाबाईंनी शकूरला हात जोडले. "शकूरभाई, तुमचे उपकार मी जन्मात नाई विसरणार."

शकूर गोंधळला. "माहे कायचे उपकार? मी त तुमालेच म्हणणार होतो, बाई, का तो तुकडा आता वापस द्या. तुम्हीच काढला ना?"

"मले ते झाकण तरी उघडता येते का?"

"मंग काढला कोणं? मी त नाई," शकूर म्हणाला.

"केवढा असते तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंगठ्याएवढा. काळा. वर पितळेची पट्टी."

शकूर निघून गेला. अन्नपूर्णाबाई आत आल्या. उकंडराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. खुर्चीवरचा कोट खुंटीला लावावा म्हणून त्यांनी उचलला, तर खिशातलं काहीतरी हाताला टोचलं. त्यांनी ते बाहेर काढलं. अंगठ्याएवढं होतं. काळं. वर पितळेची पट्टी.

"काय म्हणते शकूर?" उकंडरावांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी तो तुकडा होता तसा खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"मुंबईहून आणाचं म्हणते," त्या म्हणाल्या. "बहुत दिवस लागतीन."