तीन पबांची परीक्षा

नीलला ऑस्ट्रेलियात जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, त्याचा बाप क्लिफर्ड ओकी इंग्लंडमधल्या आपल्या गावात थोरल्या मुलीबरोबर दहाच्या बसची वाट पाहत उभा होता.

"नियम पुन्हा सांगते, बाबा," हिलरी म्हणाली. "तीन गावं, तीन पब. थोडं बसने, थोडं पायी. वाट, वेळ, सगळं तुम्ही सांभाळायचं. मी नुसती मागून येणार. तोंड उघडणार नाही."

"तू आणि तोंड उघडणार नाहीस? तुझी आई असती तर पैज लावली असती."

"हसा. पण चुकलात तर सोमवारी वृद्धाश्रमाचा कागद भरायचा. ठरलंय आपलं."

क्लिफर्ड त्र्याऐंशीचा होता. त्या हिवाळ्यात तो दोनदा गॅस बंद करायला विसरला होता, आणि एकदा शेजाऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावत बसला होता. पण मरायचं तर आपल्याच घरात, हे त्याने पक्कं धरलं होतं. म्हणून त्याने लबाडी केली. बसच्या वेळा डाव्या मनगटावर पेनाने लिहून ठेवल्या, आणि मंगळवारीच 'प्लाउ' पबच्या मॉरीनला फोन केला. "पोरगी परीक्षा घ्यायला येतेय. सांभाळून घे."

'प्लाउ'मध्ये शिरताच मॉरीन ओरडली, "काय रे राजा, नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच," क्लिफर्ड म्हणाला. नेहमीचं म्हणजे काय ते त्याला आठवेना, पण तोवर बिअर समोर आलीसुद्धा. पैसे हिलरीने दिले. स्वतःसाठी तिने अर्धाच ग्लास घेतला.

मॉरीन फडक्याने गल्ल्याचं लाकूड पुसत कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलली, "चर्चमागची पायवाट कोरडी आहे म्हणे आज. डाव्या हाताची. उजवीकडे बैल सोडलाय."

हिलरी भिंतीवरचे फोटो बघत होती. तिने ऐकलं नसावं.

क्लिफर्ड मोरीवर जाऊन आला तर दोघींची डोकी जवळ आलेली. निघताना त्याने मॉरीनला हळूच विचारलं, "काय म्हणत होती?"

"व्हिनेगरमधल्या अंड्यांची कृती विचारत होती," मॉरीन म्हणाली. एरवी गल्ल्यामागून न हलणारी ती बाई आज दारापर्यंत मात्र सोडायला आली.

डाव्या हाताच्या पायवाटेने दोघं निघाली. काटेरी झुडपांना पांढरा बहर आला होता, मेंढ्या ओरडत होत्या. शेतांच्या कुंपणावर चढायला लाकडी पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर हिलरी बसायची.

"दमलात तुम्ही. बसा जरा."

"मी? अगं, मी तुला खांद्यावर घेऊन नेईन."

"बसा म्हणते ना."

तो बसला. बसल्याने परीक्षेत नापास होत नाही, असा त्याने हिशेब केला. ऊन चांगलं होतं, तरी हिलरीने लोकरी टोपी कानांवर ओढून घेतली होती. लहानपणापासून थंडीची अशीच.

दुसऱ्या गावातल्या 'ब्लॅक रॅम'मध्ये मात्र घोटाळा झाला. पहिल्या ठिकाणी मुलीने पाजलं, म्हणजे इथे पाळी क्लिफर्डची. तो थेट खिडकीपाशी जाऊन बसला, ग्लास आले, आणि तो खुशाल पिऊ लागला. खोलीतलं बोलणं थांबलं. त्या गावांत माणूस बायकोचा वाढदिवस विसरला तरी चालतं. पाजायची आपली पाळी चुकवलेली चालत नाही.

पबचा मालक डेरेक गल्ल्यामागून मोठ्याने म्हणाला, "क्लिफ, उरलेले पैसे निघताना देतो रे. शिरतानाच नोट दिलीस ना मघाशी."

क्लिफर्डने खिसा चाचपला. "हो की. दिलीच."

"विसरशील म्हणून सांगतोय तो," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. "पैशाच्या बाबतीत क्लिफ एकदम चोख!"

सगळे हसले. हिलरी बापाबरोबरच आत शिरली होती. ती हसली आणि तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या ग्लासातली बिअर तशीच होती. कंटाळली असेल, असं क्लिफर्डला वाटलं. हातातलं सँडविच संपवून तो मोरीवर गेला. परत आला तर डेरेक हिलरीचा हात दोन्ही हातांत धरून उभा होता.

"जुनी ओळख," डेरेक म्हणाला. "एवढीशी होती तेव्हापासूनची."

पुढच्या बसची वेळ मनगटावर होती, पण घामाने आकडा पुसला होता. क्लिफर्ड उठेना. तेवढ्यात कोपऱ्यातला म्हातारा घड्याळाकडे बघत पुटपुटला, "दोन वीसची आज वेळेवर आहे वाटतं." क्लिफर्ड ताडकन उठला. "चल, पोरी. बस चुकेल."

तिसऱ्या गावात थांबा नव्हता तिथे ड्रायव्हरने बस थांबवली. "उतर, क्लिफ. तुझा 'बेल' आला."

'बेल'चा मालक ट्रेव्हर. क्लिफर्डने आल्या आल्या पैसे काढले, सगळ्यांना दिसतील असे मोजून दिले आणि टेबलाशी येऊन बसला. ग्लास आला तो एका दमात रिकामा केला.

"सांग एकदाचं," तो म्हणाला.

हिलरीने पिशवीतून वृद्धाश्रमाचा कागद काढला. दोन्ही बाजूंनी वाचला. मग उभा फाडला, आडवा फाडला आणि तुकडे रिकाम्या ग्लासात टाकले.

"पास."

"एकही चूक नाही?"

"मला तरी दिसली नाही."

क्लिफर्डने तिच्या नकळत ट्रेव्हरला डोळा मारला. ट्रेव्हरने उलट मारला नाही. कोरडा ग्लास पुसत राहिला.

परतीच्या बसमध्ये हिलरी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. कसं बनवलं पोरीला, या आनंदात क्लिफर्ड घरापर्यंत हलला नाही.

तो पुढे नऊ वर्षं आपल्याच घरात राहिला. हिलरीला कबूल केल्याप्रमाणे सोमवारी मॉरीन यायची, बुधवारी डेरेक, शनिवारी ट्रेव्हर, आणि गॅस बघून जायचे. डॉक्टरांनी हिलरीला मार्चमध्ये सांगितलं होतं तसं, ती त्या परीक्षेच्याच वर्षी सतरा ऑगस्टला वारली.