कारल्याची भाजी

बारमधले सगळे श्रीरंगकडे वळून बसले होते. आपल्या नव्या पुस्तकातलं प्रकरण तो साभिनय वाचत होता. नोकरी गेलेला नायक बायकोपासून ते लपवतो, रोज डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि टेकडीवरच्या माकडांना जेवू घालतो. कारल्याच्या भाजीला माकडांनीही नाक मुरडलं, तसे मित्र टेबल बडवत ओरडले, "वन्स मोअर!"

त्याच्या जुन्या मित्राची, भालचंद्रची बायको नलूवहिनी लिंबूसोड्याचा ठसका लागेस्तोवर हसल्या. मग एकाएकी थांबल्या.

"अहो, मी कारलं दिलं की तुम्ही डबा चाटूनपुसून आणायचात."

भालचंद्र ग्लासात बघत राहिला.

ही गोष्ट भालचंद्रनं श्रीरंगला ह्याच बारमध्ये रडत सांगितली होती. इतक्या वर्षांत त्यानं घरीही सांगितली असेल, असं श्रीरंग धरून चालला होता. एकदा विचारायला हवं होतं. पण तो नको म्हणाला असता, तर एवढं झकास जमलेलं प्रकरण गेलं असतं.

त्यानं पुस्तक मिटलं. "वहिनी, हे सगळं आपलं काल्पनिक..."

"मिटू नका, भावजी." वहिनींनी सोडा बाजूला सारला. "पुढचं वाचा. आमच्या घरात काय झालं, ते मलाही कळू दे."