शहात्तरांपैकी नऊ

"शंभरातून सात वजा करत चला," कॅट्रियोना म्हणाली. हे वाक्य ती आज पाचव्यांदा म्हणत होती. नोकरीत कितव्यांदा, ते मोजायचं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." डूगी लॉरी न अडखळता दोनपर्यंत उतरला. "बाई, दर तीन वर्षांनी तेच विचारता. उत्तर बदलतं की काय?"

तिनं डाव्या हातानं निकाल टिपला. वय ऐंशी, त्यातली चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत, आणि हृदय तरण्या पोराचं.

गाडं इथंच अडत होतं. सत्तेचाळीस साली स्कॉटलंडातल्या अकरा वर्षांच्या झाडून साऱ्या पोरांनी एकाच दिवशी बुद्धीची परीक्षा दिली होती. ते जुने गुण आणि त्याच पोरांची म्हातारपणची दुखणी ताडून पाहायची, हे विद्यापीठातल्या या विभागाचं काम. लहानपणी हुशार असलेल्यांना हृदयविकार कमी, असं सरासरी सांगत होती. डूगीला शहात्तरांपैकी नऊ गुण होते.

"साऱ्या आलेखात हा एकटा वाकडा," विभागप्रमुख म्हणाले होते. "आजच्या आज कारण शोधा, नाहीतर त्याला वगळा."

कॅट्रियोनाचा जीव मात्र दुसऱ्याच कागदात अडकला होता. तिचे बाबा, अॅलिस्टर म्युअर. गुण एकाहत्तर. त्या जोरावर चांगल्या शाळेत गेले, वकील झाले, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेले. सरासरीत एकेकटा माणूस बसतोच असं नाही, हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची. स्वतःला पटवता आलं नव्हतं. एवढी हुशारी बाबांच्या कामी का आली नाही, या एका प्रश्नापायी तिनं तीस वर्षं झिजवली होती. आता फार थकवा आला होता.

"डूगी, त्या दिवशी तुम्ही आजारी होता का?"

"ठणठणीत होतो."

"मग नऊच कसे?" गुण सांगायचे नाहीत असा नियम होता. थकव्यापायी तोंडून निघून गेलं.

डूगीनं बिस्कीट चहात बुडवलं. "नऊ? अरेरे. बिचारा."

"बिचारा कोण?"

"माझ्या बाकावरचा. मास्तरांचाच पोरगा. कमी गुण पडले असते, तर बापानं पट्ट्यानं सोलून काढला असता. मला काय, किती का पडेनात, खाणीतच उतरायचं होतं. मास्तर खिडकीशी वळले, तेवढ्यात आम्ही सोडवून झालेले कागद बदलले आणि मग वर आपापली नावं घातली. जॅम लावलेला पाव दिला त्यानं मला."

"आणि अक्षर? कुणी ओळखलं नाही?"

"अक्षर कसलं! उत्तरांखाली नुसत्या रेघा मारायच्या होत्या." डूगी तिच्या पेन्सिलीकडं बघत राहिला. "तुमच्यासारखाच डावरा होता तो. पुढं मोठा वकील झाला म्हणे, अॅलिस्टर म्युअर."