रविवारचा महाएपिसोड

"अहो, डिश अजून थोडी डावीकडे घ्या ना!" कॅरॅव्हॅनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून स्मिता ओरडली.

मागच्या शिडीवर उभा असलेला अविनाश वळलाही नाही. "डावीकडे घेऊन काय होणार? ही सुरूची फांदी वाऱ्यानं हलते आणि डिशसमोर येते. दक्षिणेचं आकाश मोकळं लागतं."

"मग गाडी जरा पुढे घ्या."

"वाळूत रुतेल." तो खाली उतरला आणि हात झटकत दाराशी आला. "एवढं काय अडलंय टीव्हीवाचून?"

"मालिका आहे माझी."

"रविवारी?"

"आज महाएपिसोड आहे."

अविनाशनं चपला घातल्या. "बघ मग जमलं तर. मी बाजारात जाऊन चहा घेतो. येईन सावकाश." आणि तो किनाऱ्याच्या वाटेनं चालू लागला.

तो दिसेनासा होईपर्यंत स्मिता खिडकीत थांबली. मग तिनं चॅनल बदललं. पडद्यावर हिरवं मैदान दिसलं, थरथरलं आणि चौकोन चौकोन होऊन विरून गेलं.

बुधवारी अविनाशनं अचानक ही कॅरॅव्हॅन भाड्यानं घेतली, तेव्हाच तिला कळायला हवं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून बालीगंजच्या फ्लॅटमधून न हलणारा माणूस अचानक बंगालच्या टोकाला बक्खालीचा समुद्र बघायचा म्हणतो? मोबाइलला जेमतेम बोलण्यापुरती रेंज असलेल्या या किनाऱ्यावर? आज साडेतीनला सॉल्ट लेकच्या मैदानावर महिला लीगची फायनल होती. आणि एका संघाच्या गोलपोस्टमध्ये उभी होती ईशा सबनीस. त्यांची एकुलती एक मुलगी.

दोन वर्षांपूर्वी खेळताना ईशाच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशननंतर अविनाश तिच्या उशाशी बसून होता. तिला पुन्हा चालायला त्यानंच शिकवलं, हात धरून, लहान बाळाला शिकवावं तसं. आणि धडपणे चालायला लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडतेय. मला परत खेळायचंय."

"पुन्हा गोलपोस्टमध्ये उभी राहिलीस," अविनाश म्हणाला होता, "तर या घरात माझ्यासमोर उभी राहू नकोस."

बाप तसा हट्टी, लेक त्याच्यावर ताण. ती क्लबच्या हॉस्टेलवर राहायला गेली. तेव्हापासून अविनाशनं तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. स्मिता गच्चीत कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तिच्याशी फोनवर बोलायची.

आणि आज दुखापतीनंतरची ईशाची पहिलीच फायनल.

स्मितानं कपड्यांची दोरी काढली. साडी खोचून ती स्वतः शिडीवर चढली. फांदी बाजूला ओढली आणि शिडीच्या दांड्याला बांधली. आत येऊन बघते तर चित्र लख्ख! एक-एक बरोबरी. पण पाचच मिनिटांत वाऱ्याचा झोत आला, गाठ सुटली, मैदान गेलं. ती परत चढली. परत बांधलं. परत सुटलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. तिच्या तळव्यांना दोरीचे वळ उठले.

शेवटी तिनं दातांनी आवळून गाठ मारली आणि देवाचं नाव घेतलं.

या खेपेला गाठ टिकली. जादा वेळ सुरू झाला, तरी चित्र हललं नाही. स्मितानं आवाज अगदी बारीक केला होता. एक डोळा पडद्यावर, एक खिडकीबाहेरच्या वाटेवर. अविनाश या क्षणी आला तर? तो सरळ रिमोट उचलेल. मग पुढचं कुणाकडून कळायचं, आणि काय कळायचं?

वाट रिकामीच होती.

जादा वेळही बरोबरीत संपला. पेनल्टी. ईशानं हातमोजे घट्ट केले, दोनदा उडी मारून बघितली. स्मिताची नजर तिच्या त्या गुडघ्यावरच होती. पहिला गोल झाला. दुसरा ईशाच्या पंजाला घासून आत गेला. तिसरा, चौथाही आत गेला. पण समोरच्या गोलकीपरलाही एकही चेंडू अडवता आला नाही; ईशाच्या संघाचे पाचही गोल झाले. आता समोरच्या संघाची शेवटची पेनल्टी. ही अडवली की झालं.

मुलगी धावत आली. ईशा डावीकडे झेपावली, त्याच पायावर जोर देऊन. चेंडू तिच्या बोटांना लागून खांबावर आदळला आणि बाहेर गेला.

"शॉबनीश! की दारूण सेव्ह! दारूण!" कॉमेंटेटर किंचाळला.

ईशा पालथी पडून होती. हलत नव्हती. स्मितानं पदर तोंडात कोंबला.

मग ईशा उठली. दोन्ही पायांवर नीट उभी राहिली आणि धावत सुटली. मैत्रिणी तिच्या अंगावर कोसळल्या. स्मिता मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली, हसली, पुन्हा रडली. छातीवरचं दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं. बंगालीत 'दारूण' म्हणजे अप्रतिम, हे तिला माहीत होतं. पण आजच्याइतका गोड तो शब्द तिला कधी वाटला नव्हता.

तिनं डोळे पुसले, मराठी चॅनल लावून ठेवलं आणि फांदी सोडायला ती बाहेर आली.

बाहेर वारा सुसाट होता. सुरूची झाडं कमरेत वाकत होती. तिची दोरी तुटून वाळूत पडली होती.

शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर अविनाश उभा होता. फांदी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली होती. दंड खरचटलेले, केसांत सुरूच्या काड्या.

"झाली का गं शेवटची पेनल्टी?" मागे न बघता त्यानं विचारलं. "सोडू का आता?"