कुणाकडून आलं

"आणि वडिलांकडे कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. आमच्याकडे कुणालाच नाही," वडील म्हणाले.

टेबलावरच्या कागदावर घरातली माणसं मांडली होती. बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन. अर्धा तास आई स्वतःचीच उलटतपासणी घेत होती. मुलीची पाळी लवकर आली म्हणून का? मूल झालं नाही म्हणून? तिची आई, तिच्या दोन मावश्या, तीन बहिणी, सगळ्या धडधाकट. तरी ती माहेरची एखादी आजारी बाई आठवून आठवून शोधत होती. मुलीच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली त्याच दिवशी धाकटी जाऊ बोलून गेली होती, "तुमच्या माहेरचंच असणार." तेव्हापासून आईची मान खाली गेली ती गेलीच.

"आई, पुरे ना," डोक्याचा रुमाल सावरत मुलगी म्हणाली. वय बत्तीस. शाळेत भूगोल शिकवायची.

"हिच्या रक्तात सापडलेल्या आनुवंशिक दोषावर नेमकी लागू पडेल अशी गोळी आता निघालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्वी नव्हती. पण दोष कुणाकडून आला ते कळलं, तर बाकीच्यांना वेळेत तपासता येईल. तो बापाकडूनही येतो."

वडिलांचा उभा जन्म बसच्या डेपोत इंजिनं उघडण्यात गेला होता. बोटांतलं काळं आता निघत नव्हतं. त्यांनी हात मांडीखाली घेतले.

"माझी बहीण," ते म्हणाले. "एकोणतिसाव्या वर्षी गेली. सगळ्यांना कावीळ सांगितली, पण कावीळ नव्हती ती. छातीतच होतं. आई म्हणाली, खरं सांगितलं तर तुला मुलगी कोण देणार?"

आईनं मान वर केली. "धाकटी जाऊ बोलली, तेव्हा तुम्ही तिथंच चहा पीत होतात."



"तुमचंही रक्त तपासू," डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "घाबरू नका. पुरुषांना हा आजार होतो, पण फार क्वचित."

वडील उठले. शर्टाची बटणं त्यांनी एकेक करून काढली. डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. छातीचं बोंड आत ओढलं गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"बाबा... कधीपासून?" मुलीनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुझी गाठ निघाली, त्याच्या आधीपासून."