बाटलीतला कापूस

बाटलीतला कापूस पांढरा होता. धाकटा बघतच राहिला. काल सकाळी त्याने स्वतः कोंबलेला बोळा पिवळट होता, जुन्या गादीतून उपसलेला. हा नवा, लांब धाग्याचा, बोटांना मऊ लागणारा. धाकटा गादीवाल्यांच्या घरात जन्मलेला. कापूस ओळखण्यात त्याची चूक होणं शक्यच नव्हतं.

गोळ्या वाजू नयेत म्हणून तो बोळा घालायचा. पोटमाळ्याच्या फळ्या पातळ, खाली स्वयंपाकघर, आणि वहिनीचे कान असे की मांजराचं पाऊलही तिला ऐकू जायचं. एचआयव्हीच्या गोळ्या आणायला तो लांबच्या शहरात जायचा. घरी सांगायचा, कापड बघायला जातो. कापड काही कधी आलं नाही. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातही या गोळ्या मिळायच्या, पण तिथल्या रांगेत उभं राहायचं म्हणजे आपणच आपली दवंडी पिटायची.

म्हणजे घरात कुणाला तरी कळलं होतं. पण ज्याला कळलं त्याने आरडाओरडा करायचा सोडून बोळा का बदलावा? चोराने घरात शिरून केर काढून जावं, तसला प्रकार झाला हा.

नव्या कापसाच्या खोलीची किल्ली थोरल्या भावाच्या कमरेला असायची. थोरला आठवला आणि धाकट्याला ती गादीही आठवली. गेल्या वर्षी एका घरातून कापूस पिंजायला गादी आली होती. तिच्यावर झोपणारा याच आजाराने गेला, असं कुणीतरी कुजबुजलं आणि कारागीर मागे सरले. थोरल्याने ती मागच्या अंगणात नेऊन जाळली. मग कोपरापर्यंत हात धुतले. धाकटा पोटमाळ्याच्या खिडकीतून ते बघत होता. तेव्हाही बाटली त्याच्या खिशात होती.

हल्ली थोरल्याने त्याला पिंजणाच्या मशीनवरून काढलं होतं. "तू पुढे गिऱ्हाईक बघ," म्हणाला होता. त्याचा अर्थ आता लागला. कापसाला हात लावू नकोस, एवढंच तो सभ्यपणे सांगत होता. पण मग परवाच आपला अर्धा प्यालेला चहा त्याने धाकट्यापुढे का सरकवला? एक धागा पकडावा तर दुसरा सुटत होता. विचार करकरून डोकं पार पिंजून निघालं.

शेवटी त्याने पिशवी भरायला घेतली. घर सोडायचं. गोळ्याही सोडायच्या, म्हणजे वाजायलाच काही उरणार नाही. बाटली त्याने कोपऱ्यात भिरकावली. तेवढ्यात शिडी करकरली आणि थोरल्याचं डोकं वर आलं.

"कुठे निघालास?"

"कापड बघायला."

"बाटली न घेता?"

धाकट्याने पिशवी खाली ठेवली. थोरला वाकून कोपऱ्यात गेला, बाटली उचलून सदऱ्याला पुसली.

"दादा, बोळा तू बदललास?"

"मग काय करू? लोकांच्या घामाचा कापूस औषधात घालतोस, गाढवा? जुना कापूस ओल धरतो. त्यात हवा अशी दमट. गोळ्या खराब झाल्या म्हणजे?"

"आणि ती गादी? जाळलीस ना तू?"

"जाळली. घाबरलो होतो." थोरला खाली बसला. "मग इथे झाडताना ही बाटली सापडली. तिच्यावरचं नाव लिहून घेतलं आणि दवाखान्यात विचारून आलो. तुझं नाव नाही काढलं. नर्सबाई म्हणाल्या, रोज न चुकता घेतल्या तर म्हातारा होईपर्यंत तुमचं डोकं खाईल तो. एका कपातून चहा प्यायल्याने काही होत नाही म्हणाल्या."

"मग मशीनवरून का काढलंस मला?"

"धूळ असते ना तिथे. छातीला बरी नाही तुझ्या."

धाकट्याला रडू फुटलं. इतके दिवस ज्याला भ्यायलो तो हाच का, हे त्याला काही केल्या उमजेना. थोरल्याने बोळा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"घालायचा तर घाल. बाटली तुझी. पण पुढच्या वेळी गल्लीतल्याच दवाखान्यात जायचं. रांगेत मी उभा राहतो तुझ्याबरोबर."

धाकटा बोळ्याकडे बघत राहिला. मग त्याने तो उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यात कोंबला आणि बाटली हातात घेतली. गोळ्या खुळखुळल्या.

खाली भांड्यांचा आवाज एकदम थांबला. धाकट्याने बाटली मुठीत घट्ट धरली.

"भावजी," वहिनीने खालून हाक दिली, "आज गोळीला उशीर केलात. पाणी आणू का?"